बाबांच्या सात वाटा

"ज्याला नकाशा वाचता येतो, तो माणूस हरवत नाही!" असं दादा छातीठोकपणे सांगायचे. ऑफिसात सांगायचे, न्हाव्याच्या खुर्चीत बसून सांगायचे. एकदा तर हॉस्पिटलात एक्स-रेची खोली शोधता शोधता ते बाळंतिणींच्या वॉर्डात शिरले, तेव्हा हाकलायला आलेल्या नर्सलाही त्यांनी हेच सांगितलं होतं.

दादा शहराच्या पाणीखात्यात नकाशे काढायचे. एकतीस वर्षं झाली. जमिनीखालचा प्रत्येक पाइप, प्रत्येक सांधा त्यांना तोंडपाठ. हाताखालच्या लोकांनी काढलेला नकाशा दादांच्या टेबलावर यायचा, दादा तो चष्मा कपाळावर सरकवून तपासायचे आणि सगळं ठीक असलं की लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण करायचे. ती खूण झाली की खोदकाम सुरू. दादांच्या जगात लाल खुणेचा अर्थ एकच, तो म्हणजे बिनधास्त पुढे जा. ही खूण जरा लक्षात ठेवा, कारण पुढे तिनंच घात केला.

आता डोंगराशी दादांचा संबंध काय? काडीचा नाही! जन्मात ते चढले ते ऑफिसचा जिना, आणि लिफ्ट सुरू झाल्यापासून तोही सुटला होता. हे सगळं सुरू झालं ते त्यांचे वडील गेल्यावर.

बाबा पोस्टात कारकून होते. ते गेले तेव्हा लोक भेटायला आले, बसले, पाणी प्यायले. गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायचे असतात म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि तिथेच गाडी अडली. "फार सज्जन!" एक म्हणाला. "कुणाच्या अध्यात ना मध्यात," दुसरा म्हणाला. "वेळेवर घरी यायचे," तिसरा. शेवटी पोस्टातले एक जुने सहकारी बराच वेळ छताकडे बघत आठवत राहिले आणि म्हणाले, "त्यांची छत्री कधी हरवली नाही हो!"

अठ्ठ्याहत्तर वर्षांचं आयुष्य, आणि शिल्लक काय? छत्री! दादांना ते फार लागलं. पण त्या लोकांचं तरी काय चुकलं होतं? बाबा होतेच तसे. गॅस बंद आहे का ते तीनदा बघायचे. मुलांना स्टुलावर चढू द्यायचे नाहीत. शाळेच्या सहलीच्या कागदावर त्यांनी कधी सही केली नाही. बढती दोनदा चालून आली, दोनदा नाकारली, कारण दुसऱ्या गावी जावं लागलं असतं. "आपल्याला काय करायचंय कुठे जाऊन?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दादा बावीस वर्षांचे झाले, मिशी आली, नोकरी लागली, तरी रस्ता ओलांडताना बाबा त्यांचं मनगट धरायचे! आपला बाप भित्रा आहे याची दादांना लाज वाटायची. तो गेल्यावर त्या लाजेचीच लाज वाटू लागली, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

आठ महिन्यांनी बाबांची ट्रंक आवरताना, तळाशी, स्वेटरांच्या खाली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक नकाशा सापडला. मागे कापड चिकटवलेला, घड्यांवर झिजलेला. दूरच्या डोंगराळ भागाचा. त्यात एका चौकीपासून निघालेल्या सात लाल रेघा, पंजा पसरावा तशा डोंगरात घुसलेल्या. जागोजागी आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला बरोबरची खूण. पाचव्या रेघेवर एक गोल, गोलात फुली. आणि कोपऱ्यात तारीख, चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची. तेव्हा दादा सहा वर्षांचे होते आणि धाकटी बहीण जन्मायची होती.

दादा ट्रंकेवर मटकन बसले. "बाबा डोंगर पालथे घालत होते!" ते ओरडले. "सात वाटा! आणि एकही चुकलेली नाही, बघा, प्रत्येकीला बरोबर!"

आई दाराशी आली. नकाशा बघून तिच्या हातातलं भांडं वगैरे पडलं नाही, ते सिनेमात पडतं. ती एवढंच म्हणाली, "तो कागद जाळून टाक."

"का?"

"अरे, ते तसं नाहीये. तुझ्या बाबांनी मला शब्द द्यायला लावला होता..."

"कळलं! तुला न सांगता जायचे, हो ना? आई, चव्वेचाळीस वर्षं झाली. आता कशाला रुसतेस!"

"मी रुसत नाहीये. ऐकून तरी घे."

"आई, तुला नकाशातलं काय कळतं?"

आईनं तोंड मिटलं. पुढच्या दोन महिन्यांत तिनं ते असंच चार-पाचदा उघडलं आणि मिटलं. दादांनी एकदा, फक्त एकदा थांबून ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मग ते दादा कसले!

जेवणाचं टेबल गेलं ते गेलंच. टेबलावर नकाशा, नकाशावर ट्रेसिंग पेपर, ट्रेसिंग पेपरवर दादा. घरातले मांडीवर ताट घेऊन जेवू लागले. दादा रेघेवर दोरा ठेवायचे, दोरा मोजपट्टीला लावायचे आणि वेळापत्रकात आकडा टाकायचे. सात वाजता चौकीवरून निघायचं. नऊ चाळीसला तिसऱ्या वाटेचं टोक. नऊ चाळीस ते नऊ पंचावन्न, कौतुक.

"कौतुक कशाचं?" बायकोनं विचारलं.

"देखाव्याचं! बाबांनी टोकाला बरोबरची खूण केलीय. म्हणजे तिथे बघण्यासारखं काहीतरी असणारच."

"आणि हा गोल?"

"तिथे ते जेवले असणार. आपणही तिथेच जेवायचं."

तिसऱ्या वाटेच्या टोकावरून पाचव्या वाटेवर जायला नकाशात रस्ताच नव्हता. मधे नुसती झाडी. दादांनी पट्टी ठेवली आणि एक सरळ रेघ ओढली.

"अहो, हे जंगल आहे ना?"

"असेना का! घुसायचं. आम्ही पाइप नेतो तेव्हा काय मधे झाड आलं म्हणून वळतो?"

"पाइपाला गुडघे नसतात," बायको म्हणाली.

पण दादा आता ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. गावातल्या भटक्या मंडळाच्या सेक्रेटरींना त्यांनी नकाशा दाखवला होता आणि सेक्रेटरी हरखून गेले होते. 'बाबांच्या सात वाटा' अशी पुस्तिका निघणार होती, तीनशे प्रती, सगळ्या सभासदांना वाटायला. प्रस्तावना दादांचीच. पहिलं वाक्य लिहून तयार होतं, 'माझे वडील हे या डोंगरांचे अबोल वाटाडे होते.' ते वाक्य दादांनी आईला वाचून दाखवलं, तेव्हा आई उठून आत गेली. "भरून आलं तिला," दादा म्हणाले.

तारीख त्यांनी तीच धरली, नकाशाच्या कोपऱ्यातली. बरोबर धाकटी बहीण, कारण तिला बाबा खिडकीत उभे असलेलेच तेवढे आठवत होते आणि तिलाही एखादी गोष्ट हवी होती. बहिणीबरोबर तिचा नवरा, दातांचे डॉक्टर. आणि दादांची बायको, कारण तिच्या मते चौघांत एक तरी शहाणं माणूस हवं.

निघताना आईनं सुनेच्या हातात एक शिट्टी ठेवली. "गळ्यात घाल," ती म्हणाली. "त्यांच्याकडे शिट्टी नव्हती."

"बाबांना शिट्टीची गरजच काय!" म्हणून दादा हसले आणि गाडीत बसले.

चौकी म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्या, एक पाण्याची टाकी आणि ओसरीत दोरीनं बांधलेली वही. चौकीवाल्या बाई रॉकेल आणायला खाली गेल्या होत्या. भिंतीवर पाटी होती, 'डोंगरात जाणाऱ्यांनी नोंद करावी.'

"नोंद हरवणाऱ्यांनी करायची!" दादा म्हणाले आणि पुढे झाले. बायको मागे राहिली. तिनं वहीत लिहिलं, 'चौघं. तिसरी रेघ, मग पाचवी. चार वाजेपर्यंत परत, असं नवरा म्हणतो.'

पहिला तास झकास गेला. दुसऱ्या तासात वाट अरुंद झाली, मग ओणवी झाली, मग दिसेनाशी झाली. काटेरी झुडपांतून चौघं रांगत निघाले. "बाबा या वयात इथून गेले!" दादा पुढून ओरडत होते. "कोणत्या वयात?" डॉक्टरांनी मागून विचारलं. "चौतिसाव्या!" "मग ठीक आहे," म्हणून डॉक्टरांनी पॅंटीत अडकलेला काटा काढला.

नऊ चाळीसच्या जागी साडेअकराला ते टोकाला पोचले. टोक म्हणजे खरोखरच टोक होतं! पुढे जमीनच नव्हती. पाय दोन हात पुढे पडला असता तर कौतुकासाठी कुणी उरलं नसतं. समोर दरी, दरीत पांढरं धुकं, देखावा शून्य.

"इथे बाबांना काय बरोबर वाटलं?" बहिणीनं विचारलं.

"तेव्हा धुकं नसेल," दादा म्हणाले आणि लगेच सरळ रेघेकडे वळले.

त्या सरळ रेघेविषयी फार बोलण्यात अर्थ नाही. ती कागदावर चार बोटं होती. जमिनीवर तिच्यात दोन घळी, एक ओढा आणि माणसाच्या उंचीची खाजऱ्या पानांची झाडी निघाली. डॉक्टर ओढ्यात कमरेपर्यंत गेले. दादांचा चष्मा एका फांदीनं काढून घेतला आणि परत दिला तो एकाच काचेसकट. दीड तासानं पाचव्या वाटेवरच्या एका खुणेशी ते पोचले, तर तिथे कपाटाएवढाले दगड कोसळून पडलेले. ना देखावा, ना वारा, ना बसायला जागा.

"आणि इथे?" बहीण म्हणाली. "दादा, इथे काय बरोबर आहे?"

दादांनी खूप विचार केला. "एकांत," ते म्हणाले.

गोलाची जागा मात्र खरंच चांगली होती. कड्याच्या पोटाशी थोडी सपाटी, आणि मधोमध कुणीतरी नीट रचलेला कमरेइतका दगडांचा ढीग. दादांचा जीव भांड्यात पडला. "बघा! बाबांनी चूल मांडली होती इथे!" चौघं बसले. पाव, उकडलेली अंडी, चहा. थर्मास दादांनी ढिगाच्या माथ्यावर ठेवला. डॉक्टरांनी ओले मोजे काढून दगडांवर वाळत घातले. बायकोनं फोटो काढला. फोटोत दादा ढिगावर एक पाय ठेवून, हातात अर्धं अंडं घेऊन, शिकाऱ्यासारखे उभे होते. गेल्या दहा महिन्यांत ते इतके मोकळे हसले नव्हते. त्यांना वाटलं, आज बाप भेटला.

ते फार वेळ टिकलं नाही. धुकं दरीतून उठलं आणि जेवता जेवता अंगावर आलं. पाचवी वाट सरळ चौकीकडे उतरत होती, निदान नकाशात. शंभर पावलांत वाट गेली, दोनशे पावलांत पुढचा माणूस गेला. हाका मारत, एकमेकांच्या पिशव्या धरत ते तीन तास उतरत राहिले. एका उतारावर डॉक्टरांचा पाय मुरगळला. पाय सुजून असा काही टम्म झाला की बूट निघेना. सगळे एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसले. मोबाइलला रेंज नव्हती. थंडी हाडांत शिरू लागली.

दादांनी नकाशा उघडला आणि एका काचेतून बराच वेळ बघितलं. "आपण इथे आहोत," ते म्हणाले. "चौकी इथून सात किलोमीटर. आणि डावीकडे शंभर फुटांचा कडा आहे. डावीकडे कुणी हलायचं नाही!"

तेवढ्यात डावीकडून कुत्रं भुंकलं.

"दादा, कुत्रं!"

"डोंगरात आवाज फिरतो. लांबचं असेल."

थोड्या वेळानं कुकरची शिट्टी झाली. डावीकडेच.

"हा पण फिरून आला का?" बायकोनं विचारलं.

"अगं, कडा आहे तिकडे! नकाशात स्पष्ट..."

"कड्याच्या टोकावर कुणी कुकर लावलाय?"

"एक पाऊल जरी चुकलं तरी..." दादांचा आवाज चिरकला. त्यांनी चटकन बायकोचं मनगट धरलं. मग दुसऱ्या हातानं बहिणीचं. डॉक्टरांच्या बुटावर त्यांनी स्वतःचा पाय ठेवला. "कुणी हलायचं नाही," ते पुन्हा म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते खरंच घाबरले. आपल्या एका पट्टीच्या रेघेनं ही तीन माणसं इथे आणून बसवली, आणि आता यांतलं एक जरी गेलं तर घरी कुठल्या तोंडानं जायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं. समोर एक फांदी हलली तरी ते मुठी आवळत होते. बहिणीच्या हाताला मुंग्या आल्या, पण त्यांनी तो सोडला नाही.

बायकोनं मोकळ्या हातानं शिट्टी तोंडात घातली आणि अशी काही फुंकली की डॉक्टर दुखणं विसरले.

"थांबा, येतेय!" डावीकडून आवाज आला. मग कंदिलाचा पिवळा ठिपका आला, आणि त्यामागून साठीच्या आसपासची एक काटक बाई. मागे दोन माणसं आणि ते कुत्रं.

"बाई, जपून!" दादा ओरडले. "तिकडे कडा आहे!"

"कडा?" बाई थांबून म्हणाल्या. "तिकडे माझं स्वयंपाकघर आहे."

चौकी तिथून दोनशे पावलांवर होती! दगडाच्या मागून वळलं की समोर पाण्याची टाकी. दादा कुकरच्या वासात ओसरीवर येऊन बसले आणि त्यांना मान वर करवेना.

बाईंनी डॉक्टरांचा बूट कापून काढला, पाय बांधला, सगळ्यांना कांबळी दिली. "वहीत नोंद होती म्हणून बरं. पाच वाजले तशी मी निघाले. आधी मागच्या दगडाशीच बघतो आम्ही, पण धुक्यात दगडही सापडेना. शिट्टी झाली आणि कळलं. आता दाखवा तो नकाशा. कुठून कुठून गेलात?"

दादांनी नकाशा पुढे केला. बाईंनी तो कंदिलाखाली धरला. मग त्या खाली बसल्या.

"हा तुमच्याकडे कसा?"

"माझ्या वडिलांचा आहे," दादा म्हणाले. एवढं होऊनही त्यांची छाती थोडी पुढे आली. "त्यांच्या वाटा. सात वाटा त्यांनी..."

"या रेघा माझ्या बापाच्या हातच्या आहेत," बाई म्हणाल्या. "आणि या वाटा नाहीत. एक माणूस हरवला होता. पोस्टातला. एकटाच डोंगर चढायला आला आणि धुक्यात गडप झाला. बाप चौकीवर होता. तीन दिवस माणसं घेऊन शोधत होता. जिथे बघून झालं आणि माणूस नाही, तिथे अशी खूण करायची. म्हणजे परत तिथे कुणी जायला नको."

कुकर गार होत होता.

"म्हणजे बरोबरची खूण..." दादांनी विचारलं.

"इथे कुणी नाही, वाट नाही, पुढे जाऊ नका."

"आणि हा गोल?" हे बहिणीनं विचारलं. खरं तर तिला ते कळून चुकलं होतं.

"तिथे बाप वरून पडला. तिसऱ्या दिवशी, आजच्याच तारखेला. तिथेच दगड रचलेत. सकाळी फुलं घेऊन जाणार होते, पण रॉकेल संपलं होतं, आणि मग धुकं आलं."

दादांच्या डोळ्यांसमोर थर्मास आला, अंडं आलं, दगडावर ठेवलेला स्वतःचा पाय आला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्यांना झालं, पण ओसरी सिमेंटची होती.

आणि डॉक्टर सरळ माणूस! त्यांना गप्प बसवेना. "बाई," ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "माझे मोजे तिथेच राहिलेत. दगडांवर. वाळत."

बायकोनं तोंडावर हात ठेवला. बाईंनी डॉक्टरांचा बांधलेला पाय कांबळ्यात नीट गुंडाळला.

"राहू देत," त्या म्हणाल्या. "बापाचे पाय कायम गार पडायचे."

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. हरवलेला माणूस चौथ्या दिवशी सापडला, मागच्या त्या दगडाच्याच आडोशाला, चौकीपासून दोनशे पावलांवर. कुत्रं ऐकू येत होतं, माणसांचे आवाज येत होते, पण कडा असेल या भीतीनं तो हलला नाही. तोपर्यंत सगळे लांब लांब शोधत होते. मागच्या दारी कोण बघतो? तेव्हापासून चौकीचा नियम झाला, पहिल्यांदा मागचा दगड बघायचा. आजवर नऊ माणसं तिथे सापडली होती. दादांची मंडळी धरून तेरा.

"माझी आई रागात होती," बाई म्हणाल्या. "नवरा गेलेला, मी दहा-बारा वर्षांची. तो माणूस तिच्या पाया पडायला आला, तर तिनं हा नकाशा त्याच्या अंगावर फेकला. म्हणाली, हा घेऊन घरी जा, आणि पुन्हा कुठे जाऊ नका, म्हणजे कुणाला तुम्हाला शोधायला जावं लागणार नाही. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतं. त्यानं ते खरं धरलं."

"म्हणजे?"

बाई आत गेल्या आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात पोस्टकार्डं होती. त्रेचाळीस. प्रत्येकावर बाबांचं ते पोस्टातलं टपोरं अक्षर, आणि प्रत्येकावर एकच ओळ. 'यंदाही कुठे गेलो नाही.'

"पाच-सहा वर्षांनी आईचा राग गेला," बाई म्हणाल्या. "तिनं उलट कळवलं, अहो, आता फिरा, मी मनापासून सांगते, मुलांना घेऊन समुद्रावर तरी जा! तर पुढच्या वर्षी हे." त्यांनी एक कार्ड वर काढलं. 'पत्र पोचलं. आभार. यंदाही कुठे गेलो नाही.' "दर वर्षी बरोबर या तारखेला यायचं. एक दिवस मागेपुढे नाही. यंदा आलं नाही. मी दुपारपर्यंत वाट बघितली."

"ते गेले," दादा म्हणाले. "दहा महिने झाले."

"असंच असेल असं वाटलंच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डबा मिटला.

दादा तिथे ओसरीवर, डॉक्टरांच्या सुजलेल्या पायाशेजारी बसून, पन्नाशीचा माणूस, लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. स्टूल, गॅस, सहलीचे कागद, नाकारलेल्या बढत्या, रस्त्यातलं ते मनगट, सगळं एका रांगेत त्यांच्यासमोर येऊन उभं राहिलं. आणि एक फार जुनी गोष्ट आठवली, जी इतके दिवस त्यांना स्वप्न वाटत होती. बाबा त्यांना खांद्यावर घेऊन झाडाच्या फांदीवर बसवतायत आणि खालून म्हणतायत, "वर बघ, वर! किती लांबचं दिसतं!" बहिणीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिला गोष्ट हवी होती, ती मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी रेंज आल्या आल्या दादांनी सेक्रेटरींना फोन लावला. "पुस्तिका थांबवा! त्या वाटा नाहीत!"

"अहो, कालच छापून आली. प्रस्तावना काय सुंदर उतरलीय! वाटायला घेतोय."

दादांनी गाडी परस्पर मंडळाच्या दारात नेली आणि तीनशेच्या तीनशे प्रती मोजून डिकीत भरल्या. एक कमी पडत होती, तर ती सेक्रेटरींच्या खिशातून काढून घेतली. मग घरी आले. आई दारातच उभी होती.

तिनं चौघांना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. कापलेला बूट, एका काचेचा चष्मा, अंगावर उठलेल्या गांधी.

"कुठे सापडलात?" तिनं विचारलं.

"चौकीच्या मागे," दादा म्हणाले. "मोठ्या दगडाशी."

"हं," आई म्हणाली. "तेही तिथेच. चला, पाणी तापवलंय."

त्यानंतर दादा तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि ती बोलून संपेपर्यंत एकदाही मधे बोलले नाहीत. त्याला अडीच तास लागले. दादांच्या आयुष्यातला तो विक्रम आहे.

आता जेवायचं टेबल मोकळं आहे. पुस्तिकांच्या कोऱ्या पाठीवर बायको किराण्याच्या याद्या लिहिते. तीनशे आहेत, जन्मभर पुरतील. दादा अजून पाणीखात्यात नकाशे तपासतात, पण लाल खूण करण्याआधी हाताखालच्या माणसाला विचारतात, "तू स्वतः जाऊन बघून आलास ना?" त्यांची मुलगी कॉलेजच्या सहलीला जाते तेव्हा कागदावर सही करतात. सही करण्याआधी कागद तीनदा वाचतात, पण करतात.

आणि वर्षानं, ती तारीख जवळ आली तेव्हा, दादांनी एक पोस्टकार्ड आणलं. चौकीचा पत्ता लिहिला. मग बराच वेळ पेन चावून, त्यांनी खाली अगदी टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'यंदा कुठे गेलो नाही.'

पेटीत टाकायला कार्ड बायकोकडे दिलं. तिनं ते वाचलं, दादांकडे एकदा बघितलं, आणि उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, 'गेले होते. मुलीच्या नव्या हॉस्टेलवर. स्टेशनाच्या मागच्या गल्लीत तीन तास हरवले होते. शोधायला निघाले तेव्हा आधी मागच्याच गल्लीत बघितलं, म्हणून लगेच सापडले.'